पाडलेली इमारत, उतरवलेली इमारत: राडारोड्यातून घडणारं ऑफिस

मराठीत कौलं उतरवतात आणि इमारत पाडतात. कौलं उतरवणारा एकेक कौल हातात घेतो, खालच्याच्या हाती देतो आणि खालचा धड कौलं एका बाजूला, फुटकी दुसऱ्या बाजूला रचतो. इमारत पाडताना मात्र यंत्राचा दात भिंतीत शिरतो आणि तासाभरात विटा, चौकटी, फरश्या, वायरी, काचा, गिलावा सगळ्यांचा एकच ढीग होतो. त्या ढिगाला आपण राडारोडा म्हणतो. बांधकामातून निघालेल्या टाकाऊ मालाची ऑफिससाठी टेबलं, पार्टिशनं, बाकं, जमीन कशी करता येते, हे या लेखात समजून घेऊ. त्याचं अर्धं उत्तर या दोन क्रियापदांमध्येच आलं आहे.

आधी ढीग केवढा आहे ते पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०१८ साली त्या देशात बांधकामाचा आणि पाडकामाचा मिळून सुमारे ६० कोटी अमेरिकी टन माल निघाला. घरं, दुकानं, शाळा यांतून महापालिका जो रोजचा कचरा उचलतात त्याच्या हा दुपटीहून जास्त. त्यातला ९० टक्क्यांहून अधिक पाडकामातला होता. युरोपीय संघातही एकूण कचऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त वाटा याच क्षेत्राचा आहे.

हा सगळा माल कचराभूमीतच जातो असंही नाही. अमेरिकेतल्या त्या ६० कोटी टनांपैकी सुमारे साडेपंचेचाळीस कोटी टन पुढे कुठे ना कुठे वापरला गेला. आकडा वाचून बरं वाटतं. पण त्यातला सर्वांत मोठा भाग खडी झाला. काँक्रीट, डांबर, विटा चुरडायच्या आणि रस्त्याखाली घालायच्या. खडीचीही गरज असतेच, तेव्हा हे काम वाईट नाही. वाईट वाटतं ते याचं की ज्या विटेला आणखी शंभर वर्षं वीट म्हणून राहता आलं असतं, तीही त्याच यंत्रातून जाते.

एक लाकडी दार घ्या. ते दुसरीकडे दार म्हणूनच बसलं, तर सुताराची कारागिरी, लाकूड, बिजागऱ्या सगळं वाचतं. दार बसण्यासारखी जागा नसेल तर त्याचं टेबल होतं. टेबल होण्याइतकं धड नसेल तर चिरून पट्ट्या निघतात. पट्ट्याही निघत नसतील तर भुसा, भुशापासून दाबलेला बोर्ड आणि शेवटी जळण. या पायऱ्या फक्त उतरता येतात. दाराचा भुसा होतो, भुशाचं दार होत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला जितक्या वरच्या पायरीवर थांबवता येईल तितकं थांबवायचं, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा नियम. धातूंना तो थोडा सैल आहे, कारण ते वितळवून पुन्हा नव्यासारखे होतात. अ‍ॅल्युमिनियम खनिजापासून काढण्यापेक्षा भंगारातून वितळवायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. पण धड तुळई तशीच्या तशी वापरली तर भट्टीच लागत नाही.

विटेची गोष्ट

जुन्या भिंतीतल्या विटा सुट्या होतील की नाही, हे त्या कशाने जोडल्या आहेत यावर ठरतं. चुन्यातलं बांधकाम असेल तर चुना विटेपेक्षा मऊ असतो. हातोडीने ठोकलं की विटांमधल्या सांध्यातला चुना निघतो आणि वीट अखंड हाती येते. सिमेंटचा मसाला अनेकदा विटेपेक्षा कडक असतो. तो काढायला गेलं की आधी वीटच फुटते. विसाव्या शतकात सिमेंटचा मसाला सर्रास झाला आणि विटांचा दुसरा जन्म जवळजवळ थांबला.

कोपनहेगनमधल्या लेंडेगर या वास्तुरचना संस्थेने यावर वेगळी वाट काढली. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या जुन्या ब्रुअरीच्या विटा सुट्या होत नव्हत्या. मग त्यांनी भिंतींचेच साधारण मीटरभराचे चौकोन करवतीने कापले आणि ते तुकडे २०१९ साली पूर्ण झालेल्या ‘रिसोर्स रोज’ (Resource Rows) या वसाहतीच्या दर्शनी भागावर गोधडीसारखे बसवले. जे सुटत नाही ते सोडवायचा हट्ट न धरता त्या अख्ख्या तुकड्यालाच एक नग मानायचं, ही युक्ती ऑफिसच्या आतही चालते. कापलेल्या भिंतीचा एक चौकोन लोखंडी चौकटीत बसवला की स्वागतकक्षाची पाठभिंत होते. वजनाचं भान मात्र ठेवावं लागतं. त्याकडे पुढे येऊ.

ऑफिसच का?

घर माणूस वर्षानुवर्षं तसंच ठेवतो. ऑफिसचं तसं नाही. ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी इमारतीचे थर आयुष्यमानाप्रमाणे वेगळे करून दाखवले. सांगाडा ५० वर्षं किंवा जास्त टिकतो, वीज, पाणी, हवा यांच्या यंत्रणा साधारण १५ वर्षं, आणि पार्टिशन, खोटं छत, फर्निचर यांची आतली सजावट ५ ते ७ वर्षं. म्हणजे एका सांगाड्याच्या आयुष्यात आतलं ऑफिस सात-आठ वेळा उखडून नवं होतं. भाडेकरू बदलला, नाव बदललं, माणसं वाढली की जिप्समचे बोर्ड, काचेची पार्टिशनं, कार्पेटचे चौकोन, दारं, दिवे सगळं बाहेर. त्यातलं कितीतरी झिजलेलंही नसतं. जिप्सम तर कचराभूमीत गेलं की खाली हवा न लागणाऱ्या थरात जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा विषारी वायू आहे.

ऑफिस हा राडारोड्याचा मोठा उगम आहे आणि त्याचं चांगलं गिऱ्हाईकही होऊ शकतं. आतल्या बहुतेक वस्तूंवर इमारतीचा भार नसतो. तुळई पुन्हा वापरायची तर तिची ताकद इंजिनिअरकडून तपासून घ्यावी लागते. टेबलाच्या फळीला तेवढ्या कसोटीची गरज नसते.

ब्रुसेल्समध्ये युरोपीय परिषदेचं, म्हणजे युरोपीय संघातल्या देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचं, मुख्यालय असलेल्या ‘युरोपा’ इमारतीला दोन पदरी दर्शनी भाग आहे. त्याचा बाहेरचा पदर सुमारे ३,७५० जुन्या ओक लाकडी खिडक्यांच्या चौकटींचा आहे. युरोपातल्या निरनिराळ्या देशांत पाडलेल्या आणि दुरुस्त केलेल्या इमारतींतून त्या जमवल्या, डागडुजी केली आणि वेगवेगळ्या मापांची जुळणी करून एक भलीमोठी जाळी उभी केली. रचना वास्तुरचनाकार फिलिप सामिन यांची. जुन्या खिडकीतून गारठा शिरतो, आवाज येतो. म्हणून खरं संरक्षण आतल्या नव्या काचेच्या पदराकडे दिलं आणि जुन्या चौकटींकडे रस्त्याचा आवाज आणि वारा पहिल्यांदा अडवण्याचं काम दिलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. जुन्या वस्तूकडून तिला झेपेल तेवढंच मागितलं.

हाताशी आलेला माल

सर्वांत सोपी सुरुवात दारापासून होते. दार साधारण दोन मीटर उंच आणि ८० ते ९० सेंटिमीटर रुंद असतं. एका माणसाच्या टेबलाला हेच माप लागतं. आधी बोटाच्या पेराने ठोकून पाहा. फ्लश दार पोकळ वाजलं तर ते कापायचं नाही, कारण कापल्या कडेला आतली कागदी जाळी उघडी पडते. भरीव दार हवं तसं कापता येतं. नक्षीच्या पॅनेलचं दार वर-खाली असतं, त्यावर लिहिता येत नाही. त्यावर कडा घासलेली काच टाकली की सपाट पृष्ठही मिळतं आणि सुताराचं जुनं कामही दिसत राहतं.

लाकडाच्या बाबतीत घाई नडते. तुळया, वासे, परांचीच्या फळ्या उघड्यावर पावसात पडलेल्या असतील तर त्यांत पाणी मुरलेलं असतं. ऑफिसच्या कोरड्या, थंड हवेत लाकडातली ओल साधारण ८ ते १२ टक्क्यांवर येऊन थांबते. त्याआधीच टेबल जोडलं तर नंतर फळ्या आकसतात, फटी पडतात, पृष्ठ वाकतं. छपराखाली, फळ्यांमध्ये चिपा ठेवून, वारा खेळेल अशा रचून काही आठवडे, जाड तुळया असतील तर त्याहून जास्त, वाट पाहायची. रंधा फिरवण्याआधी धातूशोधक फिरवायचा. मोडून आत राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं बाद करतो, आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लायला सिमेंटचा थर आणि साच्याचं तेल लागलेलं असतं. तो कपाटाच्या आतल्या बाजूंना बरा, हाताखाली येणाऱ्या पृष्ठाला नको.

टेबलाच्या पायांना परांचीचे पाइप उत्तम. त्यांचा बाहेरचा व्यास बऱ्याच देशांत ४८.३ मिलिमीटर ठरलेला आहे, त्यामुळे कुठलाही तयार क्लँप बसतो. ते वेल्ड करायचा मोह टाळावा. पाइपांवर जस्ताचा मुलामा असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा धूर होतो. तो छातीत गेला की थंडी-ताप येतो. शिवाय क्लँपने जोडलेलं टेबल उद्या पान्याने सोडवता येतं.

काचेबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली, काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. तिच्या पृष्ठभागात कायमचा दाब आणि पोटात ताण कोंडलेला असतो. चिरायला गेलं की पूर्ण तावदानाचे दाणे होतात. म्हणून जुन्या ऑफिसमधली टफन काचेची पार्टिशनं जशी आहेत तशीच, भोकांसकट वापरायची. नव्या खोलीची रुंदी काचेच्या मापाने ठरवायची.

मग उरतात तुकडे. फुटक्या फरश्या, संगमरवराच्या कपच्या, काँक्रीटची ढेकळं. यांच्यासाठी शतकांपूर्वीची वाट आहे, आणि ती मोझॅकच्या फरशीवर चालताना आपल्या पायाखाली असते. टेराझो म्हणतात तो हाच प्रकार. व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवर घडवताना उरलेल्या कपच्या चुन्यात दाबून, घासून जमिनी केल्या. आज त्याच पद्धतीने राडारोड्याची टेबलपृष्ठं, खिडकीच्या पाट्या, जिन्याच्या पायऱ्या होतात. तुकडे फोडून चाळणीने मापाप्रमाणे वेगळे करायचे आणि धुवायचे. धुणं टाळलं तर तुकड्यांवरची धूळ पाणी पिते, सिमेंट धरत नाही आणि पुढे कपच्या निखळतात. मग सिमेंटमध्ये कालवून साच्यात भरायचं, ओलं ठेवून मुरू द्यायचं, आणि पाणी सोडत आधी जाड्या, मग बारीक दगडाने घासत जायचं. मधे बारीक भोकं दिसतात, ती बुजवून पुन्हा घासायचं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, मऊ आणि कडक तुकडे एकत्र घालण्याची. विटेचा तुकडा आणि ग्रॅनाइटची कपची एका साच्यात असतील तर घासताना वीट लवकर झिजते आणि तिथे खळगे पडतात. कडकपणा साधारण सारखा असलेले तुकडेच एकत्र करावेत. शिवाय वीट डाग शोषते, तिला वरून सीलर, म्हणजे बारीक भोकं बंद करणारा लेप, लागतोच. दुसरी चूक काचेची. रंगीत काचेचे तुकडे सिमेंटमध्ये सुंदर दिसतात. पण सिमेंटमधला अल्कली आणि काचेतली सिलिका यांची हळूहळू अभिक्रिया होऊन एक चिकट पदार्थ बनतो. तो ओल शोषून फुगतो आणि पृष्ठाला आतून तडे पाडतो. काच घालायचीच असेल तर सिमेंटऐवजी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या चिकट द्रवात, घालतात. काचेची अगदी बारीक पूड केली तर हीच अभिक्रिया उलट सिमेंटला मदत करते.

जुनं काँक्रीट दळलं की पुन्हा सिमेंट मिळेल, असा एक समज आहे. तसं होत नाही. सिमेंट भट्टीत चुनखडी जाळून तयार होतं, पाण्याशी त्याची एकदा अभिक्रिया झाली की त्याची चिकटवण्याची ताकद संपते. दळलेलं काँक्रीट म्हणजे भर. तिला धरून ठेवायला नवं सिमेंट लागतंच, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के सिमेंट बनवताना निघतो. म्हणून जाडजूड नव्या काँक्रीटमध्ये मूठभर फुटक्या टाइल्स टाकून त्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणं मला पटत नाही. सिमेंटचा थर जितका पातळ आणि तुकड्यांचं प्रमाण जितकं जास्त तितकं ते खरं. स्कॉटलंडमध्ये हेरियट-वॉट विद्यापीठातल्या प्राध्यापक गॅब्रिएला मेडेरो यांनी विकसित केलेली ‘के-ब्रिक’ या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक माल बांधकामाच्या कचऱ्यातला असतो आणि ती भट्टीत भाजावी लागत नाही.

आता वजन. काँक्रीट एका घनमीटरला साधारण २,४०० किलो भरतं. १.८ मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर जाड टेबलपृष्ठ केलं तर ते सुमारे १७३ किलोचं होतं. त्याच लांबीरुंदीची ४ सेंटिमीटर जाड लाकडी फळी चाळीस किलोच्या आत बसते. ऑफिसच्या मजल्यांना बहुधा दर चौरस मीटरला २५० ते ३०० किलो चालेल असा हिशोब धरलेला असतो, आणि त्यात माणसं, कपाटं, कागद सगळं आलं. एक काँक्रीटचं टेबल चालून जाईल. दहा टेबलं एका ओळीत, शेजारी फायलींची कपाटं आणि वर कापलेली विटांची भिंत असं झालं तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पृष्ठ २ सेंटिमीटरवर आणून खाली लाकडाचा आधार दिला तर वजन निम्म्याहून कमी होतं.

राडारोड्याच्या ऑफिसमध्ये हमखास येणारी तक्रार वेगळीच असते. तिथे आवाज घुमतो. वीट, काँक्रीट, काच आवाज जवळजवळ पूर्ण परतवतात. साध्या विटांची भिंत तिच्यावर पडलेल्या आवाजापैकी शंभरात तीन-चार भाग शोषते. फोटोत खोली देखणी दिसते आणि आत वीस माणसं फोनवर बोलायला लागली की कुणालाच काही ऐकू येत नाही. यावरही टाकाऊ मालातूनच तोड निघते. पोकळ विटा आडव्या, भोकं खोलीकडे येतील अशा रचायच्या आणि मागे पोकळी सोडून उरलेलं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरायचं. भोकातली हवा स्प्रिंगसारखी हलते आणि ठरावीक पट्टीतला आवाज तिथेच जिरतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जी हवा घुमते, तीच इथे उलट्या कामाला लागते. प्लायचे उरलेले तुकडे कमी-जास्त खोलीचे उभे लावले तर आवाज शोषला जात नाही, पण विखुरतो. बाकीचं काम जुन्या कार्पेटच्या चौकोनांना द्यावं, जमिनीवर आणि भिंतीवरही.

ज्याला हात लावायचा नाही

सगळाच माल वापरण्याजोगा नसतो, आणि या मुद्द्यावर मी कुणाशी तडजोड करायला तयार नाही. जुने सिमेंटचे पत्रे, पाइपांवरची जुनी वेष्टणं, जुन्या विनाइल टाइल्स आणि त्यांचा गोंद यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. कापलं, घासलं, भोक पाडलं की त्याचे न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसांत राहतात. आजार दहा-वीस-चाळीस वर्षांनी उमटतो. शंका असेल तर तपासणी होईपर्यंत तो माल हलवायचाही नाही. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, तो रंग कोरडा घासू नये. हिरवट छटेच्या, दाबाने औषध भरलेल्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं. ते फर्निचरला नको, जाळायलाही नको.

याहून रोजचा धोका धुळीचा आहे. वीट, काँक्रीट, ग्रॅनाइट कोरडं कापलं की सिलिकाची बारीक धूळ उडते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी सोडत कापणं, धूळ ओढणारं यंत्र आणि योग्य मास्क या तिन्ही गोष्टी कारागिराला मिळायलाच हव्यात. ऑफिसच्या भिंतीवर पर्यावरणाचं वाक्य लिहायचं आणि ती भिंत कापणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून काम करतोय, हे चालणार नाही.

उलट्या क्रमाने आराखडा

नेहमी आधी नकाशा होतो आणि मग त्यात लिहिलेल्या मापाचा माल मागवला जातो. इथे क्रम उलटतो. आधी काय मिळतंय ते पाहायचं, मग आखायचं. रॉटरडॅमच्या सुपरयूज स्टुडिओजने यासाठी आसपास काय माल निघणार आहे याचा नकाशा ठेवायला सुरुवात केली. त्याच्या डच नावाचा अर्थ होतो सुगीचा नकाशा. ब्रुसेल्समध्ये रोटर या गटातून निघालेली संस्था इमारतींचे भाग काळजीपूर्वक उतरवून, साफ करून, मापं लिहून विकते. नवी ऑफिसं करणाऱ्यांना त्यांच्याकडून जुन्या फरश्या, दिवे, दारं, कपाटं संख्येने मिळतात. संख्या महत्त्वाची आहे. एकच सुंदर जुनं दार शोधणं सोपं असतं. सारखी चाळीस दारं एका पाडकामातूनच मिळतात, तीही पाडकामाआधी तिथे जाऊन मोजणी केली तरच.

स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर इथे बाउब्यूरो इन सिटू या संस्थेने २०२१ साली एका जुन्या औद्योगिक इमारतीवर कामाच्या जागांचे तीन नवे मजले चढवले. ‘के ११८’ या नावाने ती इमारत ओळखली जाते. तिचा पोलादी सांगाडा बाझेलमधल्या एका वितरण केंद्रातला आहे. झुरिकच्या एका ऑफिस इमारतीतून ग्रॅनाइटच्या फरश्या, खिडक्या आणि बाहेरचा लोखंडी जिना आला. नव्याने बांधण्याच्या तुलनेत सुमारे ६० टक्के हरितगृह वायू आणि ५०० टन नवा कच्चा माल वाचला. जिना आधी हाती आला होता आणि त्याच्या पायऱ्यांची उंची बदलता येत नव्हती. म्हणून नव्या मजल्यांची उंची त्या जिन्यावरून ठरली.

यात पैशांचं गणितही बदलतं आणि ते लपवू नये. माल स्वस्त पडतो, कधी फुकट मिळतो. पण उतरवायला, साफ करायला, साठवायला माणसं आणि जागा लागते. जुना माल पाडकामाच्या तारखेला मिळतो, आपल्या कामाच्या तारखेला नव्हे. मधले सहा महिने तो ठेवायला कोरडं गोदाम नसेल तर बेत तिथेच फसतो. दारांना आग किती वेळ रोखता येते याचा दाखला जुन्या इमारतीबरोबर हरवलेला असतो. त्यामुळे जिन्याजवळ आणि बाहेर पडायच्या वाटेवर नवी, दाखला असलेली दारंच लावावीत आणि जुनी आतल्या खोल्यांना द्यावीत.

आणि जोडणी. पाच-सात वर्षांनी हे ऑफिसही उखडलं जाणार आहे. गोंदाने चिकटवलेली जुनी फळी त्या वेळी फुटूनच निघेल आणि आपण वाचवलेला माल आपणच राडारोड्यात घालू. म्हणून स्क्रू, बोल्ट, क्लँप, खाचा वापराव्यात, विटांची आतली भिंत चुन्यात रचावी, मापं शक्यतो मूळचीच ठेवावीत. शेवटी प्रत्येक टेबलाच्या खालच्या अंगाला, जिथे रोज कुणाची नजर जात नाही तिथे, रंगाने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: लाकूड कुठलं, कुठल्या इमारतीतून कधी उतरवलं, वर कोणतं पॉलिश दिलंय, आणि कोणते स्क्रू आधी काढायचे.